स्वयंपोषित विद्युत्-यंत्रांच्या आरंभाचा प्रश्न: डायनामोपासून स्विचिंग नियामकापर्यंत

१. प्रश्नाचे स्वरूप

यंत्रविद्येचा इतिहास बहुधा चालत्या यंत्रांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. एखाद्या यंत्राने किती शक्ती दिली, किती इंधन वाचविले, त्याचा शोध प्रथम कोणी लावला, या प्रश्नांची उत्तरे ग्रंथांतून विपुल सापडतात. परंतु स्तब्ध असलेले यंत्र चालू स्थितीला कसे येते, आणि सर्व अवयव निर्दोष असूनही ते कित्येकदा का येत नाही, या प्रश्नाचा स्वतंत्र इतिहास क्वचितच मांडला जातो. कारखान्यात आणि प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला मात्र हाच प्रश्न वारंवार सतावीत आला आहे.

स्विचिंग पद्धतीचा विद्युद्दाब-नियामक हे याचे आजचे ठळक उदाहरण होय. या नियामकातील ट्रँझिस्टर सेकंदाला हजारो वेळा पूर्ण वाहक व पूर्ण अवाहक होतो, आणि या दोन अवस्थांच्या कालावधींचे प्रमाण बदलून बाहेर पडणारा दाब स्थिर राखला जातो. संगणक, दूरचित्रवाणी संच, दूरध्वनी केंद्रे, रुग्णालयांतील उपकरणे या सर्वांना वीज पुरविणारे संच याच तत्त्वावर चालतात. दुरुस्तीच्या कामात यांविषयी एक तक्रार नेहमी ऐकू येते. वर्षानुवर्षे अखंड चाललेला संच एके दिवशी वीज गेल्यामुळे बंद पडतो. वीज परत येते, पण संच पुन्हा सुरू होत नाही. ट्रँझिस्टर, डायोड, रोहित्र यांची एकेक करून परीक्षा घेतली तर प्रत्येक अवयव शाबूत आढळतो. बिघाड मग आहे कोठे?

या प्रश्नाचे उत्तर एखाद्या अवयवात शोधण्याऐवजी मंडलाच्या अवस्थांमध्ये शोधावे लागते, हे प्रस्तुत निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे. जे यंत्र आपल्याच उत्पन्नातून आपले पोषण करते, त्याला सामान्यतः दोन स्थिर अवस्था असतात: एक चालू अवस्था व दुसरी शून्यावस्था. सुरू न होणारे यंत्र हे पुष्कळदा शून्यावस्थेत स्थिर राहिलेले यंत्र असते. हा विचार डायनामोच्या काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आलेखाच्या रूपाने स्पष्ट झाला. पुढे ट्रँझिस्टरच्या युगात तोच विचार निरनिराळ्या मंडलांच्या संदर्भात पुन्हा पुन्हा नव्याने करावा लागला.

२. स्वयं-उत्तेजनाचा शोध

फॅराडेने १८३१ साली विद्युत्-चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. त्यानंतरची सुमारे पस्तीस वर्षे जनित्रांना लागणारे चुंबकीय क्षेत्र बहुधा कायम चुंबकांपासून घेतले जात असे. अशा चुंबकांचे बल मर्यादित असल्यामुळे जनित्राची शक्तीही मर्यादित राही. मँचेस्टरच्या हेन्री वाइल्ड याने १८६६ साली या अडचणीतून एक मार्ग दाखविला. कायम चुंबकाच्या लहान जनित्राचा प्रवाह त्याने मोठ्या जनित्राच्या विद्युत्-चुंबकांना दिला, आणि त्यायोगे मोठ्या यंत्रातून पूर्वी न मिळालेली शक्ती काढून दाखविली. वाइल्डच्या रचनेत आरंभाचा प्रश्न नव्हता. लहान यंत्राचा चुंबक कायमचा असल्यामुळे बीज सदैव हजर असे.

मोठ्या यंत्राचाच प्रवाह त्याच्याच चुंबकांना दिला तर लहान यंत्राची गरज उरणार नाही, ही कल्पना थोड्याच अवधीत अनेकांना सुचली. हंगेरीतील आन्योश येडलिक याने १८६१ च्या सुमारास तिचा वापर केला होता, पण ती त्याने जगापुढे आणली नाही. सॅम्युएल आल्फ्रेड व्हार्ली याने २४ डिसेंबर १८६६ रोजी लंडनमध्ये तात्पुरत्या पेटंटसाठी अर्ज केला. वेर्नर सीमेन्स याचा लेख १७ जानेवारी १८६७ रोजी बर्लिनच्या अकादमीत वाचला गेला. त्याचा भाऊ विल्यम सीमेन्स आणि चार्ल्स व्हीटस्टन या दोघांचे लेख लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एकाच दिवशी, १४ फेब्रुवारी १८६७ रोजी, आले.

या तारखांवरून अग्रहक्काचा जो वाद माजला, त्यात इतिहासकारांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. त्या वादामुळे एक गोष्ट मात्र मागे पडली. स्वयं-उत्तेजनाने कायम चुंबकाचे ओझे दूर झाले, पण त्याच्याबरोबर बीजाची शाश्वतीही गेली. लोखंडात पूर्वीच्या चुंबकनाचा जो अल्प अंश शिल्लक राहतो, त्या अवशिष्ट चुंबकत्वावर नव्या यंत्राचा सारा आरंभ अवलंबून राहिला. त्या अंशामुळे फिरणाऱ्या आर्मेचरमध्ये थोडासा दाब उत्पन्न होतो, त्या दाबाने क्षेत्र-वेटोळ्यांत थोडासा प्रवाह वाहतो, प्रवाहाने क्षेत्र वाढते व दाबही वाढतो. चक्रवाढ व्याजासारखी ही क्रिया आहे. पण मुद्दलच शून्य असेल तर व्याज कशावर येणार? लोखंडातील चुंबकत्व धक्क्याने, उष्णतेने किंवा उलट प्रवाहाने नाहीसे झाले, म्हणजे उत्तम स्थितीतले यंत्र पूर्ण वेगाने फिरूनही काहीच देत नसे.

३. हॉपकिन्सनचा आलेख

ग्राम याने १८७१ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे आपले यंत्र मांडल्यानंतर डायनामो व्यवहारात आला, आणि त्याच्याबरोबर न सुरू होण्याच्या तक्रारीही आल्या. त्यांचे शास्त्रीय विवेचन शक्य झाले ते जॉन हॉपकिन्सन याच्यामुळे. त्याने १८७९ साली इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्सपुढे वाचलेल्या निबंधात सीमेन्सच्या डायनामोवरील मोजमापे दिली, आणि यंत्राचा प्रवाह व त्याचे विद्युत् चालक बल यांचा संबंध वक्ररेषेने दाखविला. या वक्ररेषेला मार्सेल देप्रे याने १८८१ साली ‘कॅरॅक्टेरिस्टिक’ असे नाव दिले. सिल्व्हेनस थॉम्प्सन याच्या १८८४ सालच्या डायनामोविषयक ग्रंथानंतर ही आलेखपद्धती अभियंत्यांच्या नित्य परिचयाची झाली.

या आलेखात आरंभाचा प्रश्न सरळ दिसतो. शंट जनित्र घेतले तर यंत्राची वक्ररेषा आडव्या अक्षावर क्षेत्र-प्रवाह व उभ्या अक्षावर उत्पन्न दाब दाखविते. ती शून्याच्या किंचित वरून सुरू होते, कारण तेवढा दाब अवशिष्ट चुंबकत्वाचा असतो. पुढे ती चढते आणि लोखंड संपृक्त झाल्यावर वाकते. क्षेत्र-मंडलाचा रोध ही त्याच आलेखावर शून्यातून निघणारी सरळ रेषा होय. दोहोंचा जेथे छेद होतो तेथे यंत्र स्थिरावते. रोध कमी असेल तर छेद वर, पूर्ण दाबापाशी, येतो. रोध वाढवीत नेला तर रेषा उभी होत जाते, आणि एका मर्यादेनंतर वरचा छेद नाहीसा होऊन केवळ तळाशी, अवशिष्ट दाबाजवळचा, छेद उरतो. या मर्यादेला क्रांतिक रोध म्हणतात. वेग कमी केला तर वक्ररेषाच खाली येते, म्हणून क्रांतिक वेगही असतो.

यावरून न सुरू होण्याची कारणे तीन वर्गांत विभागता येतात. पहिल्या वर्गात चालू अवस्था अस्तित्वातच नसते: क्षेत्राचा रोध क्रांतिक मर्यादेपेक्षा अधिक असतो किंवा वेग अपुरा असतो. दुसऱ्या वर्गात चालू अवस्था असते, परंतु तिच्याकडे नेणारे बीज नसते: अवशिष्ट चुंबकत्व गेलेले असते, किंवा क्षेत्राची जोडणी उलटी झाल्यामुळे मिळणारा प्रवाह त्याच चुंबकत्वाला मारीत असतो. तिसऱ्या वर्गात चालू अवस्था आहे व बीजही आहे, पण वाटेत अडसर आहे. शंट जनित्रावर आरंभापासून मोठा भार जोडलेला असेल तर उत्पन्न होणारा सर्व प्रवाह भार पिऊन टाकतो आणि क्षेत्राला वाढू देत नाही. कुंच्यांखालील संपर्काचा रोधही असाच फसवा असतो. पूर्ण दाबाला तो नगण्य भासतो. पण सारा दाबच एकदोन व्होल्ट असताना संपर्कातील पातळ थर तेवढाही प्रवाह अडवून धरू शकतो.

या वर्गीकरणाचे महत्त्व उपायांत दिसून येते. वरवर लक्षण एकच असते, की यंत्र फिरते पण दाब येत नाही. मात्र उपाय परस्परविरुद्ध असू शकतात. शंट जनित्राचा भार काढून घ्यावा लागतो. श्रेणी जनित्रात भाराचाच प्रवाह क्षेत्रातून वाहत असल्यामुळे भार जोडल्याशिवाय ते उठतच नाही. बीज गेले असेल तर बाहेरच्या बॅटरीतून क्षेत्राला क्षणभर योग्य दिशेने प्रवाह द्यावा लागतो, आणि एकदा यंत्र उठले की बॅटरीची गरज संपते. या शेवटच्या उपायात निदानही दडलेले आहे. क्षणभराच्या बाह्य प्रवाहाने यंत्र उठून पुढे स्वबळावर चालले, तर बीजाचा दोष होता असे सिद्ध होते. बॅटरी काढताच ते पुन्हा खाली आले, तर दोष अन्यत्र शोधावा लागतो.

४. कंप पावणारा संपर्क

स्विचिंग नियमनाची कल्पना अर्धसंवाहकांच्या पूर्वीची आहे, ही गोष्ट पुष्कळदा ध्यानात घेतली जात नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जनरल इलेक्ट्रिक कंपनीने प्रचारात आणलेला टिरिल नियामक हा स्विचिंग नियामकच होता. उत्तेजकाच्या क्षेत्र-मंडलातील एक रोध कंप पावणाऱ्या संपर्काने वारंवार मिटविला व उघडला जाई, आणि या दोन अवस्थांच्या कालप्रमाणावरून दाब ठरे. मोटारगाड्यांच्या डायनामोंना पुढे याच तत्त्वावरचे लहान नियामक बसविले गेले.

मोटारीच्या या नियामकाची रचना हॉपकिन्सनच्या आलेखाच्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. विश्रांतीत त्याचा संपर्क मिटलेला असतो, म्हणजे आरंभी क्षेत्र-मंडलाचा रोध कमीत कमी असतो. त्याच पेटीतील कट-आउट रिले दाब पुरेसा वाढेपर्यंत डायनामोला बॅटरीशी जोडतच नाही. तसे नसते तर थांबलेल्या डायनामोतून बॅटरीच उलट रिकामी झाली असती. अशा रीतीने क्षेत्र पूर्ण आणि भार शून्य या दोन्ही अनुकूल अटी आरंभाच्या क्षणी आपोआप पाळल्या जात. उरत असे ते केवळ बीज. म्हणून डायनामो वा नियामक दुरुस्त करून बसविल्यावर क्षेत्राला बॅटरीचा क्षणिक स्पर्श देऊन चुंबकत्वाची दिशा निश्चित करण्याची रीत होती. ती पाळली नाही तर डायनामो उलट्या दिशेने उठण्याचा आणि कट-आउटचे संपर्क जळण्याचा धोका असे.

१९६० च्या दशकात मोटारींत डायनामोची जागा अल्टर्नेटर व डायोड यांनी घेऊ लागल्यावर हाच प्रश्न नव्या रूपाने आला. डायोड वाहक होण्यापूर्वी त्यांच्यावर काही अंश व्होल्ट दाब यावा लागतो, आणि अवशिष्ट चुंबकत्वाचा दाब मंद वेगाला तेवढाही नसतो. म्हणून अनेक गाड्यांत चालकासमोरील इशारादिव्यातून जाणारा प्रवाहच क्षेत्राला आरंभीचे बीज म्हणून दिला गेला. परिणामी तो लहानसा दिवा जळाला की निर्दोष अल्टर्नेटर मंद वेगाला उठेनासा होई. दिवा हा इशारा देण्यासाठी आहे, अशी ज्याची समजूत आहे त्याला या बिघाडाचे कारण सापडणे कठीण होते. आरंभाचा मार्ग एखाद्या भलत्याच कामाच्या अवयवात लपलेला असू शकतो, हा धडा येथे मिळतो.

५. ट्रँझिस्टर आणि साहाय्यक वेटोळे

जी. एच. रॉयर याने १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या मंडलात दोन ट्रँझिस्टर व संपृक्त होणारा एक गाभा यांच्या साहाय्याने एकदिश दाबाचे चौकोनी तरंगात रूपांतर केले होते. प्रत्येक ट्रँझिस्टरला चालना देणारा प्रवाह त्याच रोहित्रावरील वेटोळ्यातून मिळे. हेही स्वयं-उत्तेजनच होय. दोन्ही ट्रँझिस्टर अवाहक असतील तर रोहित्रात काही घडत नाही, आणि रोहित्रात काही घडत नाही म्हणून ट्रँझिस्टर अवाहक राहतात. सिलिकॉन ट्रँझिस्टरला वाहक होण्यासाठी सुमारे ०.६ व्होल्ट दाब लागत असल्यामुळे ही शून्यावस्था चांगलीच स्थिर असते. ती मोडण्यासाठी पुरवठ्यातून एका रोधकाने ट्रँझिस्टरच्या बेसला अल्पसा प्रवाह देण्याची प्रथा पडली. हा रोधक म्हणजे डायनामोतील अवशिष्ट चुंबकत्वाचा प्रतिनिधी होता. भार मोठा असेल तर असे मंडलही उठत नाही. शंट जनित्राचा तिसरा वर्ग येथे जसाच्या तसा आढळतो.

१९७६ साली सिलिकॉन जनरल या कंपनीने एसजी १५२४ हे स्पंदरुंदी-नियंत्रणाचे संकलित मंडल बाजारात आणले. त्याची आखणी रॉबर्ट मॅमॅनो याची होती. १९७७ च्या ॲपल २ या संगणकासाठी रॉड होल्ट याने स्विचिंग पुरवठा-संच रचला, आणि त्याचे पेटंट १९७८ साली मंजूर झाले. या सुमारास स्विचिंग संच प्रयोगशाळेतून व लष्करी उपयोगातून सामान्य व्यवहारात आला. नियंत्रण आता एका वेगळ्या मंडलाकडे गेले. पण त्या मंडलाला स्वतःला वीज कोणी द्यावयाची, हा प्रश्न शिल्लक होता. शिवाय पुरवठा अपुरा असताना नियंत्रक मंडल भलतीच स्पंदने देऊ शकते, हे अनुभवास आले. मूळ १५२४ मध्ये अपुऱ्या दाबाला मंडल रोखून धरण्याची सोय नव्हती. पुढच्या पिढीतील १५२५ अ मध्ये ती आणि मंदारंभाची सोय, या दोन्ही घालण्यात आल्या.

युनिट्रोड कंपनीच्या १९८० च्या दशकातील यूसी ३८४२ या मंडलात आरंभाचा सारा क्रम आकड्यांत पाहता येतो. हे मंडल आपल्या पुरवठ्याचा दाब सुमारे १६ व्होल्टपर्यंत चढल्याशिवाय कामाला लागत नाही, आणि लागल्यावर तो सुमारे १० व्होल्टच्या खाली जाईपर्यंत थांबत नाही. कामाला लागण्यापूर्वी ते १ मिलिअँपिअरपेक्षा कमी प्रवाह घेते. लागल्यावर त्याची स्वतःची मागणी ११ ते १७ मिलिअँपिअरपर्यंत जाते. मुख्य वाहिनीवरून एकदिश केलेल्या उच्च दाबातून एक मोठा रोधक धारित्राला हळूहळू भारित करतो. धारित्र १६ व्होल्टला पोहोचताच मंडल जागे होते, आणि धारित्रातील साठा संपण्यापूर्वी रोहित्राच्या साहाय्यक वेटोळ्याने पुरवठ्याचा भार उचलावा, अशी योजना असते.

उदाहरणार्थ, वाहिनीचा दाब २३० व्होल्ट असेल तर एकदिश केलेला दाब सुमारे ३२५ व्होल्ट होतो. आरंभ-रोधक ३ लक्ष ओहमचा असेल तर त्यातून सुमारे १.०३ मिलिअँपिअर प्रवाह मिळेल. वाहिनी १८० व्होल्टपर्यंत उतरली तर हाच प्रवाह सुमारे ०.८ मिलिअँपिअर होईल. निर्मात्याने सांगितलेली आरंभीची कमाल मागणी १ मिलिअँपिअर असल्यामुळे, कमी दाबाच्या गावात एकाच नमुन्याचे काही संच सुरू होतील व काही होणार नाहीत, आणि तरीही त्यांपैकी कोणालाही सदोष म्हणता येणार नाही. आता धारित्राचा विचार करावा. ते १०० मायक्रोफॅरडचे असेल आणि एकूण मागणी १५ मिलिअँपिअर असेल, तर १६ पासून १० व्होल्टपर्यंत उतरण्यास ४० मिलिसेकंद लागतात. साहाय्यक वेटोळ्याला दाब देण्यास २० मिलिसेकंद लागत असतील तर संच निर्वेध उठतो. वर्षानुवर्षे उष्णतेत राहून धारित्रातील द्रव सुकला व धारिता २० मायक्रोफॅरडवर आली, तर हाती केवळ ८ मिलिसेकंद राहतात. मंडल जागे होते, साठा संपतो, मंडल झोपते. रोधक पुन्हा धारित्र भरतो, आणि तोच क्रम चालू राहतो. संचातून ठराविक अंतराने टिकटिक ऐकू येते, पण दाब येत नाही.

निबंधाच्या आरंभी वर्णिलेल्या तक्रारीचा उलगडा येथे होतो. संच एकदा उठला की आरंभ-रोधकाची व धारित्राच्या पूर्ण साठ्याची गरज उरत नाही. या दोन अवयवांची झीज चालू अवस्थेत कोठेच प्रकट होत नाही. अनेक वर्षे ती साचत राहते आणि पहिल्याच पुनरारंभाच्या वेळी एकदम उघडी पडते. वीज जाणे हे बिघाडाचे कारण नसते. आधीच झालेला बिघाड ते केवळ दृष्टीस आणते. इशारादिवा जळालेल्या मोटारीची गोष्टही नेमकी हीच होती.

६. स्रोताचा अडसर

तिसऱ्या वर्गातील एक दोष मात्र स्विचिंग नियामकाचा खास आहे. साधा रोध कमी दाबाला कमी प्रवाह घेतो. स्विचिंग नियामक बाहेर ठराविक शक्ती देण्यास बांधलेला असल्यामुळे आत येणारा दाब कमी झाला की तो अधिक प्रवाह मागतो. दाबातील अल्प बदलापुरता तो ऋण रोधासारखा वागतो. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील आर. डी. मिडलब्रुक यांनी १९७६ सालच्या निबंधात या गुणधर्माचे विवेचन केले, आणि आगत-गाळणीशी त्याचा मेळ बसला नाही तर मंडल कसे अस्थिर होते ते दाखविले. त्यांचा विषय अल्प बदलांची स्थिरता हा होता. पण तोच गुणधर्म आरंभाच्या मोठ्या बदलातही निर्णायक ठरतो.

समजा, एका नियामकाला २४ वॅट शक्ती लागते, आणि त्याचा स्रोत २४ व्होल्टचा असून १.५ अँपिअरपेक्षा अधिक प्रवाह देऊ शकत नाही. अंतर्गत व्यय सोडून दिला तर २४ व्होल्टला नियामकाची मागणी १ अँपिअर आहे, आणि स्रोत पुरेसा दिसतो. पण स्रोताचा दाब चढत असताना नियामक ८ व्होल्टलाच जागा झाला तर तो ३ अँपिअर मागेल. स्रोत तेवढे देऊ शकत नाही, म्हणून दाब वर चढत नाही. आणि दाब चढत नाही म्हणून मागणी कमी होत नाही. नियामक आपल्या मागणीने आपलाच स्रोत दाबून धरतो. स्रोत तपासला तर चांगला, नियामक वेगळ्या बलवान स्रोताला जोडला तर तोही चांगला; दोघे एकत्र आले की उठत नाहीत. अशा वेळी प्रत्येक बाजूने दुसऱ्या बाजूकडे बोट दाखविण्याचा प्रकार घडतो.

उपाय गणितातच आहे. १.५ अँपिअरमध्ये २४ वॅट मिळण्यासाठी किमान १६ व्होल्ट दाब हवा. नियामकाला १८ व्होल्टपर्यंत रोखून धरले तर त्या क्षणी मागणी सुमारे १.३३ अँपिअर होते आणि स्रोत ती पुरवू शकतो. बाहेरची धारित्रे भरताना लागणारा जादा प्रवाह मंदारंभाने पसरवून घ्यावा लागतो. थांबण्याची मर्यादाही १६ व्होल्टच्या खाली ठेवता येत नाही. ती आरंभाच्या मर्यादेच्या फार जवळ ठेवली तर तारांतील दाबपाताने नियामक उघडझाप करू लागतो. मोटारीच्या डायनामोतील कट-आउटचे कामही दाब पुरेसा होईपर्यंत भाराला दूर ठेवणे हेच होते.

हा प्रश्न संकलित मंडलाच्या अंतरंगातही शिरलेला आहे. नियामकातील संदर्भ-दाब उत्पन्न करणाऱ्या, स्वतःच्याच प्रवाहावर आधारलेल्या ट्रँझिस्टर-जोडण्यांना शून्य प्रवाहाची एक स्थिर अवस्था असते, आणि ती मोडण्यासाठी स्वतंत्र आरंभ-मंडल घालावे लागते. ग्रे व मायर यांच्या १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या पाठ्यपुस्तकात हा विषय वक्ररेषांच्या छेदांच्या साहाय्याने समजाविला आहे. आकृतीतील अक्षांची नावे बदलली तर ती आकृती एका शतकापूर्वीच्या डायनामोची म्हणून सहज खपेल.

७. निष्कर्ष

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. डायनामोच्या अभियंत्यांपासून ट्रँझिस्टरच्या अभियंत्यांपर्यंत हे ज्ञान गुरुशिष्यपरंपरेने चालत आले, असा निष्कर्ष वरील विवेचनातून काढता येत नाही. विद्युत्-यंत्रे आणि इलेक्ट्रॉनिकी हे विषय अभ्यासक्रमांत वेगळे झाले, आणि एका विषयात पक्के झालेले सत्य दुसऱ्यात पुन्हा अनुभवाने शिकावे लागले. १५२४ नंतर १५२५ अ मध्ये झालेली सुधारणा याची साक्ष देते. सातत्य आहे ते प्रश्नाच्या तार्किक रूपात: पोषणाचे वर्तुळ, त्याच्या दोन स्थिर अवस्था, आणि एकीतून दुसरीत नेणारा एक नाजूक, अल्पकाळ वापरला जाणारा मार्ग.

या इतिहासाचा उपयोग केवळ जिज्ञासातृप्तीपुरता नाही. न सुरू होणाऱ्या संचापुढे बसलेला विद्यार्थी बहुधा अवयव बदलण्यापासून आरंभ करतो. त्याने तीन प्रश्न क्रमाने विचारावेत, असे दीडशे वर्षांचा अनुभव सांगतो. या भाराला व या स्रोताला चालू अवस्था मुळात शक्य आहे काय? शक्य असेल तर बीज मिळते काय? बीज मिळत असेल तर वाटेत कोण अडवितो? स्विचिंग संचात या प्रश्नांची उत्तरे नियंत्रक मंडलाच्या पुरवठ्यावर ऑसिलोस्कोप लावून बरीचशी मिळतात. दाब १६ व्होल्टपर्यंत पोहोचतच नसेल तर बीज अपुरे आहे: रोधक तुटला असेल किंवा धारित्र गळत असेल. दाब १६ व १० यांच्यामध्ये करवतीच्या दात्यांप्रमाणे चढउतार करीत असेल तर बीज आहे, पण साहाय्यक पुरवठा वेळेवर पोहोचत नाही किंवा बाहेर शॉर्ट सर्किट झाले आहे.

यापुढची परीक्षा डायनामोच्या बॅटरीचीच आहे. वाहिनीपासून अलग करणाऱ्या रोहित्रावर संच ठेवून, नियंत्रकाला वेगळ्या व अलग स्रोतातून १६ व्होल्टहून थोडा अधिक दाब द्यावा. संच उठून, तो स्रोत काढल्यावरही चालत राहिला तर आरंभ-मार्ग सदोष आहे. स्रोत असेतोवरच चालला तर साहाय्यक वेटोळे, त्याचा डायोड किंवा त्याची जोडणी पाहावी. स्रोत असूनही उठला नाही तर नियंत्रक, शक्तिमंडल व भार यांकडे वळावे.

क्षेत्राला क्षणभर बॅटरी लावणारा १८८० च्या दशकातील यंत्रचालक आणि नियंत्रकाला बाह्य दाब देणारा आजचा तंत्रज्ञ एकच प्रयोग करीत असतात. पहिल्याजवळ हॉपकिन्सनचा आलेख होता, म्हणून काही काळाने त्याला आपण काय करतो ते समजले. दुसऱ्याच्या हाती तो आलेख देणे हे विद्युत्-अभियांत्रिकीच्या इतिहासाचे काम आहे. म्हणून हा इतिहास अभ्यासक्रमाच्या शेवटी शोभेसाठी न ठेवता प्रयोगशाळेच्या पहिल्या तासालाच शिकविला जाणे इष्ट होय.